म्हातारीचा डावा आरसा

लग्नाला चौतीस वर्षं झाली की माणूस आरपार कळतो म्हणतात. मलाही तसंच वाटत होतं. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी सपशेल चुकीची ठरले, आणि तो धक्का अजून पुरता ओसरलेला नाही.

आमचे हे बस-डेपोत ब्रेकडाऊन गाडीचे ड्रायव्हर होते. वाटेत बंद पडलेली बस आकड्याला अडकवायची आणि ओढत डेपोत आणायची, हे काम. घरात मात्र ओढायचं काम माझ्याकडे होतं, असं मी त्यांना अधूनमधून ऐकवते. ते हसतात. वाद घालायचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा.

त्यांची ती गाडी कुठल्या कंपनीची नव्हतीच. वर्कशॉपने जुन्या लष्करी ट्रकच्या सांगाड्यावर दुधाच्या टँकरची केबिन बसवली होती. मागची क्रेन कुठल्यातरी जहाजावरची, शिडी आगीच्या बंबाची. बारा गावचं पाणी प्यायलेली ती गाडी, डेपोत सगळे तिला म्हातारी म्हणायचे. म्हातारी आणि हे एकाच वर्षी निवृत्त झाले. ह्यांना पेन्शन मिळाली, तिला भंगारात काढायचं ठरलं.

भंगारवाला येईपर्यंत हे महिनाभर रोज टेप आणि वही घेऊन डेपोत जात होते. गाडीच्या पोटाखाली झोपून मापं घेत होते. मला वाटलं, निवृत्तीनंतर काही माणसांचं होतं तसं ह्यांचंही डोकं जरा फिरलं असेल. मग एक दिवस ते खेळण्यातल्या गाड्यांची पाच खोकी घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी म्हातारी पुन्हा बांधायला घेतली.

तो माझा पहिला धक्का. ज्या माणसाने जन्मात शर्टाचं बटण लावलं नाही, तो चिमट्याने तांदळाएवढे भाग उचलून चिकटवत होता. ह्या खोक्यांत गाडीचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकलेले येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे. पण म्हातारीसारखी गाडी कुठल्या खोक्यात मिळणार? म्हणून लष्करी ट्रकच्या खोक्यातून सांगाडा, दुधाच्या टँकरच्या खोक्यातून केबिन, बंबाच्या खोक्यातून शिडी. क्रेन त्यांनी पत्रा कापून केली. तिची साखळी म्हणजे माझी तुटलेली गळ्यातली. बाजूचे आरसे त्यांनी माझ्या पावडरच्या डबीतला आरसा फोडून त्याच्या चिपांचे केले, आणि मला ते तोंडाला पावडर लावायच्या वेळी कळलं. त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मापाच्या बाबतीत हा माणूस छळवादी. काही खोकी खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्यात येतात, काही पंचविसाव्या. मला दोन्ही सारखीच दिसतात. पण नुसत्या नजरेला कळत नाही म्हणूनच ती चूक सगळ्यांकडून होते, आणि मग गाडी कुठेतरी तिरळी दिसते, असं ते सांगायचे. एकदा एक बंपर पंचविसातला आला. मी म्हटलं, खपवून घ्या, कोण मोजायला बसलंय. दोन दिवस तोंड फुगवून बसले आणि बंपर नव्याने कोरला.

हे सगळं दर रविवारी समोर बसून बघणारा एकच माणूस होता, फिटर भावजी. ह्यांचा डेपोतला जिवाभावाचा मित्र. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे, आणि खरा पाय आमच्या म्हातारीनेच नेला.

अकरा वर्षांपूर्वी डेपोच्या अंगणात हे म्हातारी मागे घेत होते. भावजी मागे डाव्या बाजूला, आकड्यापाशी उभे होते. मागचं चाक त्यांच्या पायावर चढलं. चौकशी बसली. ह्यांनी सांगितलं, मी डाव्या आरशात बघितलं, कोणी नव्हतं. भावजींनी इस्पितळातून लिहून दिलं, मी उभा होतो ती जागा ड्रायव्हरला दिसतच नाही. वर्कशॉपने बांधलेली गाडी, आरसा चुकीच्या जागी, दोष कोणाचाच नाही, असा निकाल लागला. त्या एका निकालावर हे अकरा वर्षं उभे होते. भावजी काठी टेकत दर रविवारी चहाला येत राहिले, आणि त्या दिवसाचा विषय दोघांनी कधी काढला नाही.

ही छोटी म्हातारी भावजींनाच द्यायची होती. म्हणून मागे आकड्यापाशी, ते नेहमी उभे राहायचे तिथेच, ह्यांनी त्यांचा बोटभर पुतळा उभा केला. हातात पाना, पाय दोन्ही धड. मी ते पाय बघितले.

शेवटचं काम दिव्यांचं. एका दुपारी ह्यांनी पडदे ओढले आणि मला हाक मारली. केबिनमध्ये, बरोबर ड्रायव्हरचं डोकं येतं तिथे, मोहरीएवढा बल्ब बसवला होता. बटण दाबलं. केबिन उजळली. मी कौतुकाने बघत होते, हे मात्र गाडीच्या मागच्या बाजूला बघत होते.

केबिनमधला उजेड डाव्या आरशावर पडून मागे गेला होता. त्याचा लहानसा ठिपका पुतळ्याच्या गुडघ्यावर होता.

"दिसत होता तो मला," हे म्हणाले.

मला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. ड्रायव्हरच्या डोक्यापासून निघालेला उजेड आरशातून जिथे पोचतो, तिथे त्याची नजरही पोचते. म्हणजे भावजी आरशात दिसत होते, अगदी समोर. तरीही ह्यांना ते दिसले नाहीत, याचा अर्थ एकच. ह्यांनी आरशात बघितलंच नव्हतं.

मी म्हटलं, अहो, खेळणं आहे हे. ते म्हणाले, मापाची आहे गाडी. आरशाची दांडी मी तीनदा मोजली होती.   आपण बघितलं, असं हा माणूस अकरा वर्षं मनापासून मानत होता. मीही मानत होते. शेजारीपाजारी कोणी वाकडं बोललं तर मी पदर खोचून भांडले होते.

तीन दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही. मला राग येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी ठरवलं, रविवारी भावजींना हे दाखवायचं आणि पाय धरायचे. मी नको म्हणून विनवलं. माणूस तुटेल, म्हटलं. तुम्हाला दुसरा आहे कोण? ते म्हणाले, त्याला कळायलाच हवं.

रविवारी भावजी आले, काठी भिंतीला लावली, पाय लांब करून बसले. ह्यांनी पडदे ओढले, बल्ब लावला आणि सगळं सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातातला चहा गार झाला.

भावजी त्या ठिपक्यावर वाकले. मग त्यांनी ह्यांचं माप घ्यायचं व्हर्नियर मागितलं, केबिनचं दार मोजलं, खिडकी मोजली आणि हसले.

"अरे, एवढा शहाणा तू, आणि केबिन पंचविसातली लावलीस? खाली सगळं चोवीस आहे. केबिन लहान, म्हणून आरसा खाली आला. दोन मिलिमीटर उचल आणि बघ."

ह्यांनी चिमट्याने आरसा उचलला. ठिपका पुतळ्याच्या गुडघ्यावरून घसरला आणि रिकाम्या जमिनीवर पडला.

 मग ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. भावजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, वहिनी, चहा गरम करा. त्या दिवशी हे तीन दिवसांचं एकदम जेवले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. एवढ्या काटेकोर माणसाचीही चूक होते, याचा मला आनंदच झाला.

संध्याकाळी भावजी निघाले तेव्हा मी पलंगाखालची रिकामी खोकी काढत होते. ती टाकायची परवानगी मी कित्येक महिने मागत होते, आज ह्यांनी विनातक्रार दिली होती. दुधाच्या टँकरचं खोकं हातात आलं. त्याच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढ्या ठळक आकड्यांत लिहिलं होतं, एकास चोवीस.

 केबिनचं माप बरोबर होतं. आरसाही बरोबर होता.

भावजींना जिने उतरायला वेळ लागतो. मी खोकं घेऊन धावत खाली गेले आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांना गाठलं. खोकं पुढे धरलं. त्यांनी आकडा वाचला आणि कठड्याला टेकले.

"वहिनी, आरशात तो मला दिसतो, तेव्हाच मी त्याला दिसतो. त्या दिवशी मला तो दिसत होता. खाली वाकून काहीतरी शोधत होता. मी ओरडलो, पण इंजिनापुढे ऐकू कसं जाणार."

मी विचारलं, मग चौकशीत तसं लिहून का दिलंत? ते म्हणाले, पाय गेलाच होता, वर मित्रही घालवायचा का? मग खोकं टाकून द्या म्हणाले, आणि सावकाश पुढची पायरी उतरले. अकरा वर्षं मी ह्या माणसाला चहा देत होते. मला एकदाही शंका आली नव्हती.

वर आले तेव्हा खोकं पदराखाली होतं. हे टेबलापाशी बसले होते, हातात तो आरसा. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "चोवीसच लिहिलंय ना?"

मी खोकं पदराखालून काढलं. 

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच आणलंय ना ते खोकं."

मग त्यांच्यासमोर का नाही बोललात, ते रडणं कसलं होतं, मी एकामागून एक विचारत सुटले. त्यांनी माझं संपू दिलं.

"त्यानं अकरा वर्षं ते सांभाळलं. मी एका दुपारीत मोडून टाकू? मला पटलं असं त्याला वाटू दे. मला माझं माहीत आहे, तेवढं पुरे."

बंपर एका केसाने चुकला म्हणून दोन दिवस न बोलणारा माणूस हा. मला म्हणाले, केबिनमधला बल्ब सुटा केलाय, जरा ड्रायव्हरच्या डोक्याच्या जागी दिवा धर. आरसा दोन मिलिमीटर वर धरून त्यांनी पक्का गोंद लावला, आणि सुकेपर्यंत चिमटा हलू दिला नाही. ठिपका रिकाम्या जमिनीवर होता, पण थरथरत होता. त्यांचा हात स्थिर होता. दिवा माझ्या हातात होता.