विसरलेली छत्री

शुभांगी गेली, असा फोन आला तेव्हा मी "कोण शुभांगी?" असं विचारलं. आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात शुभांगी एकच होती, तरीही. आदल्या संध्याकाळी बदलापूरला आमच्या घरी पोहे खाऊन ती हसत गेली होती. पहाटे हृदय बंद पडलं म्हणे... पन्नाशीही गाठली नव्हती. महिना होत आला, ते वाक्य मला अजून खरं वाटत नाही.

आम्ही स्वयंपाकघरातले प्लॅस्टिकचे डबे बनवतो. डबा कसा असावा ते ती ठरवायची, साचा मी करायचो. सुरुवातीला तीही चारचौघांसारखी घरोघरी नमुने देऊन "कसा वाटला?" विचारायची. पण आपल्याकडे दारी आलेल्याला कोण वाईट बोलतं? उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका सिंधी आजींनी तर तिला पापड खाऊ घातले, "बहुत बढ़िया है बेटा, एकदम फर्स्टक्लास!" म्हणाल्या. छत्री राहिली म्हणून ती जिन्यावरून परत गेली, तर आजी तोच डबा गुडघ्यांत धरून सुरीने झाकण उचकटत होत्या. तेव्हापासून शुभांगीने विचारणंच सोडलं. प्रत्येक घरी छत्री मुद्दाम विसरायची आणि न सांगता न्यायला जायची.

"ही काय चोरपावलांची पद्धत?" मी चिडवायचो.

"अरे, तोंडावर सगळे छानच म्हणतात. हातांना मॅनर्स नसतात!"

हा नवा डबा तिने माझ्या आईची आखडलेली बोटं बघूनच करायला घेतला होता. त्या संध्याकाळी आईने तो हातात घेऊन तोंडभर कौतुक केलं, "छान फिरतं गं झाकण." शुभांगी "थँक्यू काकू" म्हणाली आणि छत्री कोपऱ्यात ठेवून निघाली. दाराबाहेर मला हळूच म्हणाली, "मी छत्री न्यायला येईपर्यंत पोलादाला हात लावू नकोस." साच्याचं पोलाद एकदा कापलं की झाकणातली चूक प्रत्येक डब्यात उतरते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

फोन आल्यावर मी तडक घरी आलो. आईला हे कसं सांगायचं, याच विचारात किल्लीने दार उघडलं. आई डबा काखेत दाबून सांडशीने झाकण फिरवत होती. मला बघताच तिने सांडशी पदराखाली लपवली. माझा चेहरा बघून तिला वाटलं, मी रागावलोय.

"तिला सांगू नकोस रे," आई म्हणाली, "एवढ्या हौसेने केलंय पोरीने..."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. मग सांगितलं.

साचा मी थांबवलाय. झाकण पुन्हा आखतोय, पण नवा नमुना कुणाच्या घरी देऊन तिथे छत्री विसरून यावी, असा धीर अजून होत नाही. छत्री तिच्या घरी पोचवायला निघालो होतो, आईने नेऊ दिली नाही. ती दारामागच्या खुंटीला आहे. बेल वाजली की आई आधी छत्रीकडे बघते. सांडशी मात्र आता लपवत नाही, ओट्यावर डब्याशेजारीच ठेवते.

"राहू दे," म्हणते, "तिला दिसू दे."