भिंतीकडे वळवलेलं वाक्य

इक्बाल गेल्याची बातमी ओमानमधल्या सोहारच्या आमच्या मराठी ग्रुपवर आली, तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये एसी लावून गाडीतच बसलो होतो. पहाटे हृदयविकाराचा झटका, दुपारी असरच्या नमाजनंतर दफन. वाईट वाटलं हे खरं. पण मी पहिल्यांदा काय केलं, तर फोनमध्ये एक चित्र शोधलं. इक्बालच्या आवडत्या रशियन लेखकाचा दाढीवाला चेहरा आणि खाली मृत्यूवरचं एक सुंदर वाक्य. 'त्याच्याच लाडक्या लेखकाचे शब्द' असं लिहून मी ते ग्रुपवर टाकलं. जोडलेल्या हातांची रांग लागली. मला बरं वाटलं... हे लिहितानाही लाज वाटते.

इक्बाल मूळचा रत्नागिरीचा. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत आम्ही वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. शाळेत असताना वडिलांनी त्याला रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनातून या लेखकाच्या कथांचं मराठी भाषांतर आणून दिलं होतं. तेव्हापासून तो लेखक त्याच्या घरचाच झाला. मी मात्र त्या लेखकाला टी-शर्टवरून, फोनच्या कव्हरवरून आणि सुप्रभातच्या चित्रांवरून ओळखत होतो. एकही गोष्ट वाचली नव्हती, वाक्यं मात्र रोज पाठवायचो. इक्बाल दर वेळी विचारायचा, "जोश्या, हे कुठल्या गोष्टीत आहे रे?"

"असेल कुठल्या तरी. छान आहे ना?"

"छान आहे. म्हणूनच शंका येते. तो इतकं गोड बोलत नाही."

एकदा वैतागून मी ग्रुपवरच लिहिलं, 'मास्तर, शाळा खलास. घरी जा.' सगळे हसले. त्यानेही हसरा चेहरा टाकला. त्यानंतर त्याने मला ते कधी विचारलं नाही, ग्रुपवरही नाही, टेबलावरही नाही.

दफनानंतर काही दिवसांनी त्याच्या मुलीचा, सनाचा फोन आला. इथेच वाढलेली पोरगी, मराठी अडखळत बोलते. "काका, तुम्ही ग्रुपवर टाकलेलं ते सेन्टेन्स कुठल्या स्टोरीत आहे? चाळीसाव्या दिवशी सगळे येणार, तेव्हा मला वाचायचंय. अब्बांची सगळी बुक्स काढली मी. पण मराठी हळू वाचते ना, अजून सापडलं नाही."

फोनवर सांगता आलं असतं. मला जमलं नाही. येतो म्हणालो.

वहिनी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, असल्यामुळे आतल्या खोलीत होत्या. चहा सनानेच आणला. सतरंजीवर पुस्तकं उघडी पडली होती, पानापानांत कागदाचे कपटे.

"सना, ते वाक्य त्याचं नसावं. मला कुणीतरी पाठवलं होतं. मी त्याचं काहीच वाचलेलं नाही."

"म्हणजे... बुकमध्ये नाहीच आहे?"

"नसेल."

"आधी सांगायचं ना काका," एवढंच ती म्हणाली, आणि कपटे काढायला लागली. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

फडताळात एक कप दिसला. त्याच्या वाढदिवसाला मीच दिलेला. एका बाजूला लेखकाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला मी हौसेने निवडून छापून घेतलेलं वाक्य. चेहरा खोलीकडे होता.

"अब्बा रोज ह्याच्यातच प्यायचे," सना म्हणाली. "धुतला की असाच ठेवायचे."

मी कप उचलला. बोटं लागून लागून चेहरा पुसट झाला होता. वाक्य अजून ठळक होतं... मी तो होता तसाच परत ठेवला, वाक्य भिंतीकडे करून.