तहानेचा शब्द

"यंदा उत्तम शुक्रवारी आक्काच्या गावी जायचं," असं आईने भाजी निवडता निवडता जाहीर केलं, तेव्हा मी आधी उन्हाची भीती घालून पाहिली. एप्रिलातला गुड फ्रायडे, पाथर्डी तालुका आणि सोबत पंचाहत्तरी ओलांडलेली आई! ती म्हणाली, "ऊन काय मला नवीन आहे? तू येतेस का मी एकटी जाऊ?" म्हणजे विषय संपला.

आक्का म्हणजे माझी मावशी, आईची थोरली बहीण. दोघींचा सलाम बंद आहे. आम्ही ख्रिस्ती माणसं भेटल्यावर एकमेकांना सलाम म्हणतो, आणि भांडण झालं की आधी तोच बंद पडतो. माझे आजोबा नगरच्या दवाखान्यात वारले, तेव्हा मावशी ऊसतोडीला लांब कोल्हापूरकडे होती. निरोप तिच्यापर्यंत पोचला, पण ती येण्याआधीच आईने दफन उरकून घेतलं. मावशीला बापाला मूठमातीही देता आली नाही. त्यानंतर लग्नाकार्यात दोघी समोरासमोर आल्या तरी एकमेकींच्या खांद्यावरून पलीकडे बघतात.

पुण्याहून पहाटेची एसटी धरलीत तर नगरला नाश्त्याच्या वेळेला पोचता. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, पण कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. बायकांना अर्धं तिकीट आणि आईला फुकट, त्यामुळे प्रवास खिशाला जाणवत नाही. स्टँडसमोर मिसळ खाऊन पाथर्डीची गाडी पकडा, खिडकीची जागा मात्र भांडून मिळवा. आईने काही खाल्लं नाही, तिचा उपास होता.

करंजी घाट चढून गेलं की रंग बदलतो. खडकाळ माळ, बाभळी, मधूनच पाण्याचा टँकर. हा प्रदेश सुंदर आहे असं मी म्हणणार नाही, पण मला तो बघत राहावासा वाटतो. घाटात आईला विचारलं, "देवाने पाप माफ केलं असं तूच म्हणतेस ना? मग मावशीची माफी कशाला हवी?"

"देवाने केलं, त्यात शंकाच नाही. येशूने माझ्यासाठी प्राण दिला, माझं तारण झालं," ती म्हणाली. "पण देव काही माझ्याबरोबर विहिरीवर धुणं धुवायला नव्हता. आक्का होती."



तिसगावच्या पुढे जीप करावी लागते. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे काय याचं ड्रायव्हरचं गणित आपल्यापेक्षा वेगळं असतं. तरी आम्ही वेळेत पोचलो. देऊळ लहान आहे, पत्र्याचं. (हो, आमच्याकडे चर्चलाही देऊळच म्हणतात.) कोणीही आलं तरी सतरंजीवर जागा करून देतात, फक्त उपासना चालू असताना मोबाईल बाहेर काढू नका. ऊसतोडीहून लोक नुकतेच परतले होते, त्यामुळे गर्दी होती.

क्रूसावर प्राण सोडण्याआधी येशू सात वेळा बोलला. त्याला आम्ही सात शब्द म्हणतो. उत्तम शुक्रवारी दुपारी एकेकाने उठून एकेका शब्दावर बोलायचं. पहिला शब्द क्षमेचा, तो पाळकसाहेबांनी, म्हणजे इथल्या धर्मगुरूंनी घेतला आणि ते छान बोलले. पाचवा तहानेचा. तो या गावात दरवर्षी माझी मावशीच घेते.

ती पांढऱ्या लुगड्यात उभी राहिली. "माज्या प्रभूला तहान लागली, तवा मेल्यांनी पान्याच्या जागी आंबट आंब पाजली त्याला," तिने सुरुवात केली. "आमी ऊस तोडनारी मानसं. तहान काय ती आमाला सांगाया लागत न्हाई." मग ती थांबली. पेटीवाल्याला वाटलं संपलं, त्याने भाता उघडला.

"माजा बाप गेला तवा मी फडात हुते," मावशी म्हणाली. "जाताना मानूस पानी मागतंच. त्याला ते मिळालं का न्हाई, मला आजून कुनी सांगितलं न्हाई." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने आईकडे सरळ पाहिलं. "धाकटे, दिलंस का गं?"

उपासनेत असं कोणी कोणाला विचारत नाही. पाळकसाहेब अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. आई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली.

"दिलं, आक्का. चमच्याने दिलं. निम्मं बाहेर आलं, मग पदर भिजवून ओठांना लावला. तुला हाक मारली त्यांनी. तूच आलीस असं वाटलं त्यांना. मी तुझ्या जागी ओ दिली."

मावशी खाली बसली. सहाव्या शब्दाला उठलेला शाळेचा मास्तर घाईघाईने सांगू लागला की तारणाचं काम क्रूसावर पुरं झालं, त्यात माणसाने काही घालायचं उरलं नाही. मी लहानपणापासून हे मानत आले आहे. त्या दुपारी मात्र ते ऐकताना मला रडू आवरेना.

बाहेर लिंबाखाली आईने हात पुढे केला. "सलाम, आक्का."

मावशीने त्या हाताकडे पाहिलं, घेतला नाही. "प्रभूनं तुला क्षमा केली आसंल. त्याचं काळीज मोटं हाय. माजं आजून तेवढं झालं न्हाई, धाकटे. खोटं कशाला बोलू त्याच्या दारात?" मग ती माझ्याकडे वळली. "तुजा नंबर दे गं पोरी."

मुक्काम नगरला केला. लॉज साधा होता, चादरी स्वच्छ होत्या. आई भिंतीकडे तोंड करून निजली. तिला तो सलाम किती हवा होता हे मला तेव्हा कळलं. मला मावशीचा रागही आला, आणि तिच्या खरेपणाचा हेवाही वाटला. आम्ही 'क्षमा केली' असं किती पटकन म्हणून मोकळे होतो.

शनिवारी दुपारी पुण्याला आलो. कुलूप काढतच होते, इतक्यात फोन वाजला.

"पोचली का ती?" मावशी होती.

मी फोन आईच्या हातात दिला. "पोचले, आक्का," आई म्हणाली. पुढे दोघींपैकी कोणीच काही बोललं नाही, आणि फोनही कोणी ठेवला नाही.