रोटाचा खड्डा

अमळनेरहून एसटीने तासाभरावर असलेल्या त्या गावाच्या जुन्या तटाभोवतीचा खंदक अजून बुजलेला नाही, आणि याचं श्रेय गावाने उगाच घेऊ नये. ते झुलालचं. पुरातत्त्व खात्याचा हा रोजंदारी पहारेकरी नऊ वर्षं खंदकात कापसाच्या पऱ्हाट्या टाकणाऱ्या प्रत्येकाशी भांडला. सोयऱ्यांशीसुद्धा.

फक्त श्रावणात कानबाई देवी आली की त्याची वाचा बसायची. कानबाईच्या रोटाचं, म्हणजे घराघरांतून आलेल्या गव्हाच्या नैवेद्याचं, जेवण भाऊबंदांनी एकत्र जेवायचं, आणि उष्टं, हात धुतलेलं पाणीदेखील कुणाच्या पायदळी जाऊ द्यायचं नाही, खड्ड्यात पुरायचं. त्यांच्या भाऊबंदकीचा खड्डा पिढ्यान्‌पिढ्या खंदकाच्या भिंतीशीच. आणि खणणारा कोण? खुद्द झुलाल! देवीच्या कामाला कायदा कसला, असं त्यालाही वाटायचं. गेल्या वर्षी मात्र रोटानंतर महिनाभरात तिथली भिंत पाच हात ढासळली. पाया त्यानेच पोखरला होता. त्या दगडांपाशी बसून तो ढसाढसा रडला.

यंदा त्याने भाऊबंदकीतल्या थोरल्या तोतारामआबांना तोंडावर सांगितलं, "आबा, औंदा खंदकमा खड्डा नही. मी मन्हा आंगणमा खंदसू."

आबा भडकले. "तू देवीले नियम शिकाडस का? मंग तुन्हा घरना गहू रोटमा नहीत!"

रोटात गहू नाहीत म्हणजे भाऊबंदकीतून नाव कापल्यातच जमा. आबांची माफी मागा म्हणून बायको ताईबाई दोन दिवस त्याच्या मागे लागली. झुलाल हटला नाही. रोटाच्या दिवशी सकाळीच त्याने अंगणातल्या फरश्या उखडल्या, गुडघाभर खड्डा खणला आणि उपाशीपोटी काठावर बसून राहिला.

दुपारी आबांच्या घरची पंगत उठल्याचा गलबला ऐकू आला. आता भाऊबंद कुदळ घेऊन खंदकाकडे निघाले, तर आपल्याच माणसांपुढे आडवं पडावं लागणार होतं. पडू, त्याने ठरवलं, आणि तो उठला.

तेवढ्यात फाटक वाजलं. दारात आबा, हातात उष्ट्या पाण्याची बादली, मागे सगळे भाऊबंद. आबांनी खड्ड्यात डोकावलं.

"इतला उथय? आखो हातभर खंद." मग आवाज उतरवून म्हणाले, "सकाये ती ढासळेल भित देखी उनू, झुलाल. चाल, आधी जेवी ले. तुन्हा घरना गहू मीच टाकेल व्हतात."