चार तास म्हणजे चार तास!

टायर रिमोल्डिंगच्या धंद्यात सहा वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी साठतात. नाकात रबराची काळी भुकटी आणि डोक्यात किस्से. भुकटी आंघोळीला निघते. किस्से काही निघत नाहीत, उलट सांगताना दर वेळी माझं डोकं नव्यानं तापतं!

आमची शेड मांजरसुंब्याच्या चौकाजवळ. मालक बापू, चेंबर सांभाळणारे लिंबाजीकाका आणि केमिस्ट्रीत एमएस्सी करून आलेली मी, म्हणजे 'म्याडम'. घासलेल्या टायरवर रबराची नवी पट्टी बसवायची, मध्ये कच्च्या रबराचा पातळ थर द्यायचा. त्याला आम्ही गम म्हणतो. मग हे सगळं चेंबर नावाच्या लोखंडी टाकीत दाबाखाली चार तास तापवायचं. कच्चं रबर म्हणजे लांबच लांब सुटे धागे. तापलं की गंधक त्यांना एकमेकांशी टाके घालतं. टाके किती पडणार, लांब पडणार की आखूड, हे गंधक आणि सोबतच्या रसायनांचा मसाला किती, आच किती आणि वेळ किती यावर ठरतं. टाके कच्चे राहिले तर पट्टी भर रस्त्यात सुटते आणि वर बसलेल्यांच्या जिवावर बेततं. एवढी साधी गोष्ट आहे. पण ऐकतो कोण?

*

बापूंनी एकदा एका गिऱ्हाइकाला दुपारी दोनचा शब्द दिला होता. मी जेवायला गेले, तेवढ्यात यांनी स्वतःच्या हातानं चेंबरची आच वाढवून ठेवली. "आच वाढीवली की लवकर हुतंय!"

टायरं निघाली ती चकचकीत. हात फिरवला तर चिकट! फार तापलं की पडलेले टाके उसवायला लागतात आणि रबर पुन्हा मऊ पडतं. हे मी जीव तोडून समजावलं. बापूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बटन उलटं फिरवा की. पुन्यांदा जुळतेल!"

बटण उलटं फिरवून जुळत असतं, तर मी एमएस्सी कशाला केली असती?

*

आमच्या बोर्डावर 'कोल्ड प्रोसेस' असं लिहिलंय. एक ट्रकवाला नुकत्याच निघालेल्या टायरला हात लावून लिंबाजीकाकांवर ओरडला, "फसवितो का बे? कोल्ड लिव्हलंय आन् चटका कावून बसतोय?"

मी मध्ये पडले. साच्यातल्या गरम पद्धतीपेक्षा इथं आच कमी, म्हणून कोल्ड. आच कमी म्हणून वेळ जास्त. जुनं टायर दुसऱ्यांदा भाजून निघत नाही, हा फायदा. त्यानं मान डोलावली. मला वाटलं, चला, एकाला तरी कळलं.

"समजलं म्याडम. मग असं करा, आधी साच्यात घाला, मग चेंबरात. डबल!"

मी उठून चहाला निघून गेले.

*

पुढाऱ्यांच्या फोनला तर अंतच नाही. चेंबर लावून तास झालेला, आणि एका भाऊंचा फोन. "आमच्या माणसाची दोन टायरं हायती आत. तेवढी काढून द्या, बाकीच्यायची राहू द्या."

म्हटलं, "भाऊ, अजून तीन तास लागतील."

"आमचं नाव सांगितलं न्हाई का तुमाला?"

"मला सांगितलं हो. गंधकाला कोणी सांगितलेलं दिसत नाही!"

भाऊंनी फोन आपटला.

*

आष्टीकडचे रामभाऊ मेंढ्यावाले. बाजाराला मेंढ्या नेण्यासाठी एक पिकअप बाळगून आहेत. गंधकामुळं रबर पक्कं होतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. ते टायरसोबत मेंढ्यांच्या खरजेला लावायच्या गंधकाची पिशवीच घेऊन आले! "घरचंच हाय म्याडम, हात आखडू नका."

मी त्यांच्यावरही चिडले. गंधक वाढवत नेलं की रबर लाकडासारखं टणक होतं, ताणच घेत नाही. "असं व्हय?" म्हणून त्यांनी पिशवी बगलेत मारली आणि दारातल्या कडुलिंबाखाली चार तास बसून राहिले. एकदाही "झालं का?" विचारलं नाही!

जाताना म्हणाले, "मेंढीची खरूज बी एका दिवसात जात न्हाई, म्याडम."

सहा वर्षांत असं गिऱ्हाईक एकच. मला भरून आलं होतं, खरंच सांगते.

*

आणि हे गेल्या दसऱ्यानंतरचं. ऊसतोडीला निघालेली टोळी घेऊन एक मुकादम ट्रकसह आमच्या दारात. ट्रकवर बायका, लेकरं, भांडीकुंडी, कोंबड्या. ट्रकची चार टायरं चेंबरमध्ये होती, ट्रक जॅकवर. दोन तास झाले आणि लाईट गेली. तासाभरानं आली. पुढं तासाभरातच बापूंनी चेंबर उघडायला लावलं.

"चार तास कुठं झाले?" मी विचारलं.

"झाले की! लाईट गेल्ती, घड्याळ चालूच हुतं!"

चेंबर गार पडलेलं, दाब उतरलेला, आणि हा माणूस घड्याळ दाखवतो! मी म्हटलं, "पट्ट्या काढा, नवा गम लावा, पुन्हा पहिल्यापासून चार तास."

मुकादम उसळला. "कारखान्यावर सांजच्याला पोचायचंय. आत काय जोडलंय ते कोन बघतंय?"

मी स्क्रूड्रायव्हर घेतला, एक टायर ढकलत ट्रकपाशी नेलं आणि सगळ्यांसमोर पट्टीची कड उचकटली. आतल्या कच्च्या गमच्या तारा लोंबायला लागल्या. "ह्याच्यावर बसून तुम्ही लेकरं घेऊन जाणार आहात," एवढंच मी म्हणाले.

ट्रकवरून कौसाबाई नावाची एक म्हातारी वाकून बघत होती. तिनं त्या तारा पाहिल्या. आधी नातू खाली दिला, मग कोंबड्यांची पाटी, मग स्वतः उतरली. तिच्यामागून एकेक करत सगळा ट्रक रिकामा झाला.

मुकादम ओरडत राहिला. कौसाबाईनं पदर खोचला, शेडच्या सावलीत बोचकं टेकवलं आणि त्याला म्हणाली, "मुकादम, तुमी व्हा पुढं ह्या टायरावर. आमी दुसरी झाल्यावर येतो."

मुकादमानं टायरकडं पाहिलं, रिकाम्या ट्रककडं पाहिलं.

"बापू," तो म्हणाला, "चेंबर लावा."