काचेच्या पेटीतल्या रेघा

बारावीच्या फिजिक्स प्रोजेक्टकडून मी फारशी अपेक्षा ठेवणं सोडून दिलं होतं. नोएडातल्या आमच्या शाळेत दरवर्षी तेच ट्रान्सफॉर्मर आणि तेच पावसाचे अलार्म यायचे, निम्मे तर बाजारातून तयार आणलेले. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात दोन मुली लॅबमध्ये येऊन म्हणाल्या की आकाशातून येणारे कण आम्हाला सगळ्यांना डोळ्यांनी दाखवायचेत, तेव्हा मी हातातला चहा बाजूला ठेवला.

एक मराठी घरातली, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, पण ती वाढली दिल्लीतच. शाळेत माझ्याशीही हिंदीच बोलायची. दुसरीच्या अम्मी घरून बिर्याणीच्या ऑर्डरी घेत. दोघींनी सगळं वाचून ठेवलं होतं. माशांची काचेची पेटी उलटी ठेवायची, आत वरच्या बाजूला अल्कोहोलमध्ये भिजवलेलं जाड कापड, खाली काळा पत्रा आणि पत्र्याखाली सुका बर्फ. अल्कोहोलची वाफ खाली उतरून गारठते. तिच्यातून कण गेला की विमानामागे उमटते तशी बारीक पांढरी रेघ उमटते. पुण्यात कॉलेजला असताना मी याची आकृती परीक्षेत काढली होती. प्रत्यक्षात कधीच पाहिलं नव्हतं, आणि आता मलाच घाई झाली होती.

सुका बर्फ मी स्वतः थर्माकोलच्या खोक्यातून आणला, त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड साचू नये म्हणून भर थंडीत गाडीच्या काचा उघड्या ठेवून. पहिल्या दिवशी अल्कोहोलमध्ये गोंदच विरघळला आणि कापड धपकन पत्र्यावर पडलं. मग आम्ही ते चिमटे लावून अडकवलं. आता धुकं झालं, पण ते नुसतं भोवऱ्यासारखं फिरत राहिलं. पेटीच्या कडेने हवा आत शिरत होती आणि त्या गारठ्यात चिकटपट्टी टिकेना.

बिर्याणीवाल्या घरातली मुलगी बराच वेळ त्या कडेकडे बघत होती. म्हणाली, "मॅम, आटा लगा दें? अम्मी देग ऐसे ही बंद करती हैं."

कॅन्टीनमधून कणीक आली. बिर्याणीच्या हंड्याचं झाकण कणकेने लिंपतात तशी तिने ती सराईतपणे मळून पेटीभोवती थापली. आम्ही पडदे ओढले, दिवे घालवले आणि बाजूने टॉर्च धरला. बराच वेळ काहीच नाही. माझी मान अवघडली.

"मॅम, ते बघा," मराठी मुलगी हळूच म्हणाली. आपण मराठीत बोललो हे तिच्या लक्षातही आलं नसावं.

एक बारीक रेघ उमटली आणि विरली. मग एक आखूड, जाडसर. मग एक लांबलचक, दोऱ्यासारखी सरळ. आम्ही तिघी डोक्याला डोकं लावून बघत होतो.

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक घाईत होते. आधी उभ्यानेच वाकून पाहिलं, मग स्टूल ओढून बसले. जाड रेघा कशाच्या, बारीक कशाच्या, हे त्यांनी विचारलं. मुलींनी नीट सांगितलं: आखूड जाड रेघा हवेतल्या किरणोत्सर्गाच्या, लांब सरळ रेघा आकाशातून आलेल्या कणांच्या. शेवटी त्यांचा प्रश्न आला: कण छतातून खाली येतात, तर मग जमिनीखाली कुठवर जातात?

"पता नहीं, सर," दोघी एकदम म्हणाल्या. परीक्षकांनी मान डोलावली आणि पूर्ण मार्क दिले.

खरं तर प्रोजेक्ट तिथे संपला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी स्टाफरूमच्या दारात हजर. खोल तळघर कुठे मिळेल, असं विचारत होत्या. माझा नवरा आयटीत आहे, त्याच्या ऑफिसचं पार्किंग जमिनीखाली तीन मजले. त्याने परवानगी काढली, घरच्यांचे होकार आले आणि शनिवारी आम्ही पेटी, बर्फ आणि कणकेचा गोळा घेऊन तिथे पोहोचलो.

खाली लांब रेघा कमी वाटल्या. पण खरंच कमी होत्या, की आम्हाला तसं हवं होतं म्हणून वाटत होत्या? यावरून दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी एकीने फोनवर घड्याळ लावलं, दुसरी पेटीवर वाकली आणि त्यांनी रेघा मोजायला घेतल्या. मी टॉर्च धरून उभी राहिले.