तिसऱ्या भजनाच्या आधी

मी गाणं ऐकायला बसलो की घरात मिक्सर लावायचा नाही, असा आमच्याकडं नियम आहे. नियम मी केलाय आणि पाळतात बाकीचे. एकदा कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी हेडफोन काढून दारात जाऊन उभा राहिलो. बायको म्हणाली, "आता डाळीलापण तुमची परवानगी घ्यायची का?" मी हसलो नाही. या बाबतीत मला हसायला येत नाही, हा माझा जुना आजार आहे.

परभणीत मी एका कचेरीत कारकुनी करतो. गाण्याचं शिक्षण शून्य, सा कुठला आणि प कुठला हे विचारलं तर गप्प बसावं लागेल. पण आवाजाचं वेड डोक्यात गेलेलं. मोबाईल आणि हेडफोन यांच्या मधे काडेपेटीएवढी एक डबी जोडतो, तिच्यानं आवाज धुतल्यासारखा स्वच्छ होतो. महिन्याची वर्गणी भरली की ॲपवर जगातली सगळी गाणी आणि तीही चांगल्या प्रतीची. खरं सांगायचं तर मला गाण्यापेक्षा गाण्याच्या आजूबाजूचं जास्त ऐकू येतं. गाणारीनं ओळ उचलायच्या आधी घेतलेला श्वास, कुणाची तरी खुर्ची करकरली ते, खोली केवढी होती आणि भिंती मातीच्या होत्या की दगडाच्या. हे ऐकू आलं की मला आपण फार मोठे कुणीतरी आहोत असं वाटतं.

नावाजलेले गायक सगळेच ऐकतात. माझा शौक वेगळा. ज्याचं कुणी नावही घेत नाही पण ज्याचं रेकॉर्डिंग अप्रतिम आहे, असं काहीतरी शोधून काढायचं आणि आमच्या हेडफोनवाल्यांच्या ग्रुपवर टाकायचं. पुणे, बेंगळुरू, इंदूर, कुठले कुठले लोक आहेत त्यात. शोधायची माझी एक युक्ती आहे. गायकाच्या नावानं शोधायचं नाही. ज्यानं माइक लावले त्याच्या नावानं शोधायचं. माइक लावणारा हुशार असला तर त्यानं कुठल्याही खेड्यात जाऊन काहीही रेकॉर्ड केलेलं असो, ते ऐकण्यासारखं असतंच. असाच एका गोऱ्या माणसाच्या नावामागं मी महिनाभर लागलो होतो. त्यानं कुठल्याशा डोंगरातल्या मेंढपाळांची बासरी टिपली होती, एका कोळ्यांच्या गावातलं कोरस गाणं टिपलं होतं. त्याच्या यादीत अगदी तळाला एक अल्बम होता. मुखपृष्ठावर नुसती चुन्याची भिंत. नाव काय, तर 'मध्य भारतातली शैव भजनं' अशा अर्थाचं काहीतरी. गाव नाही, गाणाऱ्यांची नावं नाहीत. ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

रविवारची सकाळ होती. मी पहिलं भजन लावलं आणि पखवाजाची पहिली थाप पडली. डावी बाजू अशी घुमली की माझ्या छातीत काहीतरी हललं. त्याच्या मागं बारीक कडकड ऐकू येत होती. उन्हानं तापलेले पत्रे असे वाजतात. मी डोळे उघडले. ही खोली मला माहीत होती. हा आमच्या राणीसावरगावचा मठ होता.

मी बायकोला हाक मारली, पोरांना हाक मारली. "आमच्या गावचं भजन सापडलंय," म्हणालो. माझ्यासाठी तर ती लॉटरीच. दोन भजनं ऐकली आणि पुढचं ऐकायच्या आधीच घाईनं ग्रुपवर दुवा टाकला. खाली लिहिलं, "पखवाजाचा असा खर्ज तुम्ही कुठंही ऐकलेला नसेल. शोध माझा."

मग तिसरं भजन लावलं.

या भजनाच्या आधी थोडं बोलणं आहे. रेकॉर्डिंग चालू ठेवलेलं होतं आणि त्या माणसानं ते मुद्दाम कापलेलं नाही, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण तिथंच बसलोय असं वाटावं. आधी कुणीतरी खाकरतं. मग एक बाई स्वच्छ पुणेरी मराठीत विचारतात, "ते कोण आहेत?" आणि एक पोरगा तशाच मराठीत उत्तर देतो, "कुणी नाही, कणीक लावणारे आहेत." आणि लगेच, जरा मोठ्यानं, "मामा, तुम्ही जरा बाहेर बसा."

दोन क्षण काही नाही, नुसते पत्रे. मग एक म्हातारा आवाज येतो, अगदी कानाजवळ.

"बसतो की, साहेब."

परात उचलल्याचा आवाज. अनवाणी पावलं. दाराची बिजागरी. मग तिसरं भजन सुरू होतं.

तो पोरगा मी आहे. आणि तो म्हातारा आवाज, जो तेव्हा तितका म्हाताराही नव्हता, माझ्या वडिलांचा आहे.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. मी परभणीत कॉलेजात होतो. पुण्याहून एक संशोधक बाई आल्या होत्या, जुनी शिवभजनं गोळा करत. बरोबर माइक लावणारा एक गोरा माणूस होता, त्याचं नाव मी तेव्हा विचारलंही नव्हतं. कुणाला माहिती आहे का, असं त्यांनी वर्गात विचारलं आणि मी हात वर केला. गावाकडं जाताना जीपमधे त्यांनी साधंच विचारलं, वडील काय करतात. अप्पांची कोरडवाहू जमिनीची एक पट्टी होती, आणि उरलेल्या वेळात ते मठाची झाडलोट करायचे. मी म्हणालो, "शिक्षक आहेत." का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. त्या बाईंनी काही फरक केला नसता. उलट त्यांना आवडलंच असतं. पण माझ्या अंगात नवी पँट होती आणि तोंडात नवी मराठी, आणि दोन्ही उसनी असल्यासारखी मी जपत होतो.

मठात पोचलो तर अप्पा आधीच तिथं. भजनी मंडळात ते गात नसत, वाजवत नसत. त्यांचं काम एकच. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याच्याशिवाय तो घुमत नाही. कणीक किती सैल, गोळा केवढा, हे अप्पांच्या हाताला कळायचं. शिवाय उन्हाळ्यात ती भराभर वाळते. मग ते पखवाजाशेजारी परात आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसायचे आणि दोन भजनांच्या मधे बोटं ओली करून कणकेवर फिरवायचे. त्या दिवशी त्यांनी घरोघरून गोधड्या मागून आणून खिडक्यांवर टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. अंगात बाह्या फाटलेली बंडी, कोपरापर्यंत कणीक. मला बघून ते हसले. मी दुसरीकडं बघितलं.

घसा साफ करायची त्यांना सवय होती. दुसऱ्या भजनानंतर गोऱ्या माणसानं हात वर केला, कानाला बोट लावून कसलातरी आवाज येतोय म्हणाला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आमच्याकडं अनोळखी वयस्क माणसाला मामा म्हणतात. रिक्षावाल्याला, कंडक्टरला, रस्ता विचारायचा असेल त्याला. मी माझ्या बापाला मामा म्हणालो. आणि त्यांना तेवढ्या दोन क्षणांत सगळं कळलं, पोराला आपल्याला ओळख द्यायची नाही हे, आणि त्यांनी मला साहेब म्हणून माझं खोटं सांभाळून घेतलं. मंडळातली माणसं मला लहानपणापासून ओळखत होती, पण अप्पांनीच साहेब म्हटल्यावर त्यांनीही तेच धरलं. जेवताना त्यांनीच सगळ्यांना वाढलं. पाहुण्यांना "आणखी घ्या" म्हणत होते. माझ्या ताटात त्यांनी न विचारता तिसरी भाकरी ठेवली, कारण मी तीन खातो हे त्यांना माहीत होतं. पाहुण्यांच्या लक्षात आलं नाही. मी घरी न जाता त्याच जीपनं परत फिरलो. घरी गेलो असतो तर घर दाखवावं लागलं असतं.

हे आम्ही कधी बोललो नाही. अप्पा सुरुवातीची काही वर्षं अधूनमधून विचारायचे, "ते रेकॉर्डिंग आलं का रे?" मी म्हणायचो, "न्हाई आलं." नंतर त्यांनी विचारणं सोडलं.

आता त्या रविवारचं. मी उरलेली दोन भजनंही ऐकली आणि मला आणखी एक गोष्ट ऐकू आली, जी दुसऱ्या कुणाला कळणार नाही. तिसऱ्या भजनापासून पखवाजाची डावी बाजू हळूहळू कोरडी होत जाते. कणीक वाळत चाललीय. वाजवणाऱ्याला माइकपुढं हलू नका म्हणून बजावलं होतं, आणि पाणी लावणारा तर मी बाहेर काढला होता. पाचव्यात पखवाज नुसता टणटण करतो. संध्याकाळी ग्रुपवर एकानं लिहिलं, पहिली दोन भजनं नुसती ऐकत राहावीत अशी, पुढं रेकॉर्डिंग का घसरलं कळत नाही. दुसऱ्यानं लिहिलं, तिसऱ्याच्या आधीचं ते बोलणं काय जिवंत आलंय, तो म्हातारा तर शेजारीच बसल्यासारखा वाटतो, ते काय बोलतायत?

इथं मला संधी होती. मी चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप. वय लहान होतं असं म्हणायची सोय नाही. मी लिहिलं, "गावातल्या एका माणसाला जरा सरकून बसायला सांगतायत." कॉलेजातल्या पोराची मला लाज वाटते, पण त्याची थोडी कीवही येते. हे लिहिणाऱ्याची नुसती लाज वाटते. तो मेसेज अजून तिथं आहे. खाली मी दुरुस्ती टाकलीय, पण मागचं उकरून दुरुस्ती कोण वाचतं.

त्यानंतर काही महिन्यांनी अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडं राहायला आले. काळा चष्मा, खाली वाकायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. दोन दिवसांत ते कंटाळले. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको त्यांच्यासमोरच म्हणाली, "अहो, ते गावचं भजन सापडलं म्हणत होतात ना. लावून द्या की अप्पांना."

अप्पांनी चष्म्याआडून माझ्याकडं तोंड केलं. "आलं व्हय ते?"

"आलंय," मी म्हणालो. कधी आलं ते सांगितलं नाही.

त्यांना माझ्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले. ते म्हणाले, "लय जड हाय रे हे." मी पहिलं भजन लावलं. त्यांची बोटं मांडीवर ठेका धरायला लागली, आणि डावी थाप पडली की ते मान हलवायचे. ते थापेला नाही, कणकेला दाद देत होते हे मला दिसत होतं. दुसरं संपल्यावर मी बंद केलं.

"झालं, अप्पा. एवढंच हाय."

"एवढंच कसं? पाच झाले होते. मी पायरीवर बसून मोजलेत की."

म्हणजे ते पायरीवर बसून सगळं ऐकत होते. मी अंगठ्यानं तिसऱ्या भजनाचं बोलणं ओलांडलं आणि थेट गाण्यापासून लावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"वाळली होती कणीक. भाईर बी कळायलतं मला. लय वाटलं आत जावं अन पाण्याचा हात फिरवावा. पन तू बस म्हनला होतास."

आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "अप्पा, ते बोलनं बी त्याच्यात आलंय. मी तुमाला मामा म्हनलो ते."

त्यांनी मांडीवरचे हेडफोन चाचपले. मग विचारलं, "अन मी बोललेलं?"

"ते बी आलंय."

"लाव मंग."

मी लावलं. या वेळी काही ओलांडलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडं बघायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांच्या हातांकडं बघत राहिलो. हात हलले नाहीत. बोलणं संपून गाणं सुरू झालं तसं त्यांनी खुणेनं थांबवायला सांगितलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं असं वाटत होतं.

"परत लाव," ते म्हणाले. "तेवढंच."

मी तीनदा लावलं. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही. "अप्पा, कशाला ऐकायलात ते? मला लाज वाटायलीय."

"तुझं न्हाई रे ऐकायलो," ते म्हणाले. "माझा आवाज हाय त्याच्यात. पाच भजनांत दुसरा कुठंच न्हाई मी. तेवढाच हाय."

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. अप्पांनी तिला जवळ बोलावलं. "पोरी, हे ऐक. माझा आवाज आलाय," म्हणाले, आणि चाचपडत स्वतःच्या हातानं हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. मला म्हणाले, लाव. मी लावलं. ती ऐकता ऐकता हसली, मग तिचा चेहरा बदलला.

"किती तोऱ्यात बोलायलाय हा," ती म्हणाली. "कोण हा शहाणा, अप्पा?"

"व्हता एक पोरगा," अप्पा म्हणाले. "पुन्याकडचा. आपल्याला काय म्हाईत." आणि त्यांनी चहासाठी हात पुढं केला.

"तो मी होतो," मी म्हणालो.

बायकोनं हेडफोन काढले. ती माझ्याकडं बघत राहिली. अप्पांचा पुढं केलेला हात तसाच हवेत होता. काळ्या चष्म्यामुळं त्यांना कप दिसत नव्हता, म्हणून मी तो त्यांच्या हातात दिला.

"कशाला सांगितलंस," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं की तिला, पुन्याकडचा म्हनून."